वेळू, दोर आणि सुरगाठ

मनुष्याच्या नित्य उपयोगाच्या वस्तूंत दोर आणि वेळू यांच्याइतक्या बिनमानाच्या वस्तू थोड्याच असतील. दोर हवा असतो तेव्हा घरभर त्याचा शोध चालतो. काम सरले की तो खुंटीवर लोंबत राहतो. वेळूचीही तीच कथा. सूप, रोवळी, परडी, शिडी, माडावरची फळे पाडण्याची आकडी, अशा नाना रूपांनी तो घरात वावरतो. पण पाहुण्यांना कौतुकाने दाखवावी अशी त्यातली एकही वस्तू कोणाला वाटत नाही. शेवटच्या प्रवासाची तिरडी तेवढी वेळूची आणि तीवरची बांधणी सुंभाचीच लागते. त्या दिवशी मात्र श्रीमंताचे आणि गरिबाचे या दोन वस्तूंवाचून सारखेच अडते.

या दोन वस्तूंना त्यांचा रोजचा वेष न बदलता रंगभूमीवर नेऊन बसविण्याची किमया जपानी लोकांनी साधली आहे. आमच्या कन्येचा संसार टोकियो शहरी आहे. त्या निमित्ताने त्या देशात दोनदा आमचा मुक्काम घडला, आणि पाहण्यासारखे म्हणून जे पुष्कळ काही पाहिले त्यात मनात घर करून राहिले ते हेच. आपल्या वाचकांस त्याची थोडी ओळख करून द्यावी, आणि त्यायोगे आमच्या मनात बरेच दिवस सलणाऱ्या एका प्रश्नाचाही विचार करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

प्रथम दर्शन घडले ते रंगभूमीवर नव्हे. कन्येच्या घरासमोर एक मोकळी जागा होती. तेथे नवे घर उठावयाचे होते. एके सकाळी पाहतो तो त्या जागेत पानांसह तोडलेले चार हिरवे वेळू चार कोनांवर रोवलेले, त्यांना जोडणारा एक पिळाचा दोर चहूबाजूंनी ताणलेला, आणि दोरावर पांढऱ्या कागदाच्या नागमोडी झालरी लोंबत असलेल्या. मध्यभागी एक हिरवी फांदी उभी करून तिच्यापुढे तांदूळ, मीठ, साके नावाचे मद्य, फळे असा नैवेद्य मांडला होता. ही त्यांची भूमिपूजा. तिला ‘जिचिन्साई’ म्हणतात. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. पण त्या दोराच्या आत पाऊल टाकताना गवंडी आणि सुतारसुद्धा मान लववीत होते. कालपर्यंत जेथे मांजरे फिरत होती ती जागा चार वेळूंनी आणि एका दोराने देवाची झाली होती.

या पवित्र दोरास ‘शिमेनावा’ असे नाव आहे. तो भाताच्या पेंढ्याचा किंवा तागाच्या जातीच्या वाखाचा वळतात. रोजच्या कामाचा दोर उजव्या पिळाचा, तर शिमेनावा बहुधा डाव्या पिळाची. द्रव्य तेच, वळणारे हातही तेच. फरक फक्त पिळाच्या दिशेचा. इझुमो येथील महामंदिराच्या कागुरामंडपावर जी शिमेनावा टांगलेली आहे तिची लांबी साडेतेरा मीटरांहून अधिक आणि वजन पाच टनांच्या वर आहे. २०१८ साली ती नव्याने वळून चढविण्यात आली. इतका प्रचंड सोहळा कशाचा, तर पेंढ्याच्या दोराचा! पेंढा गुरांपुढे पडला तर वैरण, डाव्या हाताने वळला तर देवाची सीमा.

या सीमेच्या आत जपानी नृत्यनाट्य वाढले. ‘कागुरा’ हे देवापुढचे नृत्य आजही कित्येक गावी अशा दोराने आखलेल्या जागेत चालते. रंगमंचावर दोर आणि वेळू प्रत्यक्ष पात्रांसारखे वावरतात, याचा अनुभव मात्र आम्हांस आला तो ‘दोजोजी’ या नो नाटकाच्या प्रयोगात.

दोजोजी हे जुन्या की प्रांतातील, म्हणजे आजच्या वाकायामा विभागातील, एक बौद्ध मंदिर. तेथील आख्यायिका अशी की, एका तरुण यात्रेकरू साधूवर एका मुलीचे मन जडले. तो तिला टाळून पळाला आणि या मंदिराच्या घंटेखाली दडला. क्रोधाने ती सर्पिणी झाली, घंटेस वेटोळे घालून तिने ती तापविली आणि आतला साधू जळून गेला. नाटक सुरू होते ते यानंतर पुष्कळ काळाने. मंदिरात नवी घंटा चढवावयाची आहे. स्त्रियांना मज्जाव आहे. तरीही एक नर्तकी येते आणि नृत्याची परवानगी मिळविते.

ही घंटा धातूची नसते. वेळूचा सांगाडा, त्यावर भरजरी वस्त्र, आणि खालच्या कडेस वजन. परंपरेप्रमाणे नाटकाआधी किंवा नाटकाच्या ओघातच सेवकांची पात्रे ती घंटा दांड्यावर तोलून, जड पावलांनी रंगमंचावर आणतात. छताच्या मध्यभागी एक कडी असते. एक जण वेळूच्या काठीने दोराचे टोक त्या कडीत सारतो, दुसरा आकड्याच्या काठीने ते पलीकडून ओढून घेतो. आपल्याकडे माडावरून शहाळे उतरवावे तितकी साधी ही क्रिया. पण शेकडो प्रेक्षक श्वास रोधून ती पाहत असतात. कधी कधी टोक हुकते. पुन्हा प्रयत्न होतो. पडदा टाकून हे काम उरकता आले असते. ते उघड्यावर करतात, यातच त्या कलेचे मर्म आहे. पुढे दोर मागच्या एका खांबाच्या कडीतून ओवून चार-पाच अनुभवी माणसे त्याचे टोक धरून बसतात.

मग नर्तकीचे ते प्रसिद्ध नृत्य. केवळ खांद्यावर धरून वाजवावयाच्या एका लहान ढोलकाच्या साथीवर, दीर्घ स्तब्धतेनंतर एक पाऊल, पुन्हा स्तब्धता. अखेरीस नृत्य वेग घेते, नट घंटेखाली येऊन उडी मारतो, आणि त्याच क्षणी दोर सुटून घंटा त्याच्यावर कोसळते. निमिषभर आधी सुटली तर वजन डोक्यावर आदळेल. निमिषभर उशिरा सुटली तर नट नुसताच खाली उतरून हास्यास्पद होईल. घंटेच्या आत, अंधारात, तो एकटाच वेष व मुखवटा बदलून सर्पिणी होऊन बाहेर येतो. ज्याच्या हाती दोर असतो तो ज्येष्ठ नट प्रेक्षकांकडे पाहत नाही, भाषण करीत नाही, आणि टाळीचा धनी होत नाही. पण त्या रात्री एका माणसाचे प्राण त्याच्या मुठीत असतात. आमची दृष्टी नर्तकीवरून ढळून त्या पाठमोऱ्या माणसाच्या मुठीवरच खिळून राहिली, हे प्रांजळपणे सांगतो.

नो नाटकांच्या मधल्या अवकाशात ‘क्योगेन’ नावाची प्रहसने करतात. त्यांतील ‘बोशिबारी’, म्हणजे ‘काठीला बांधलेला’, हे आम्ही दुसऱ्या एका दिवशी पाहिले. घरधनी बाहेर निघाला की त्याचे दोन नोकर, तारो काजा आणि जिरो काजा, कोठीतील साके चोरून पितात. म्हणून धनी युक्ती करतो. तारोस काठी फिरविण्याची विद्या दाखव म्हणतो, आणि त्याने काठी खांद्यांवर आडवी धरताच त्याचे दोन्ही हात तिला बांधून टाकतो. जिरोचे हात पाठीमागे बांधतो. दोघेही अडकले. पण धनी गेल्यावर शोध लागतो की, एकाला पेला धरता येतो पण तोंडापर्यंत नेता येत नाही, तर दुसऱ्याला तो पाजता येतो! तारोने पाठीमागील हातांत पेला द्यावा आणि स्वतः वाकून प्यावे, जिरोला तारोने आडव्या हाताने पाजावे, असे करीत दोघे तर्र होऊन, बांधलेल्या हातांनीच गातात आणि नाचतात. शेवटी पेल्यातील साकेत धन्याचे प्रतिबिंब उमटते आणि धावपळ उडते. पुढे १९१६ साली काबुकी रंगभूमीनेही हे प्रहसन नृत्यरूपाने आपलेसे केले.

हसून हसून डोळ्यांत पाणी आले. परंतु घरी परतताना एक विचार सुचला. धन्याने बांधले आणि पाठ फिरवली. दोजोजीतील माणसाने दोर धरला आणि क्षणभरही पाठ फिरवली नाही. दोर तोच, मग भेद कोठे पडला?

या विचारात असतानाच कन्येच्या परिचयाच्या एका नाट्याभ्यासकाने आम्हांस एका लहानशा सभागृहात दोरबांधणीच्या कलेचा प्रयोग पाहण्यास नेले. या कलेविषयी चार शब्द आधी सांगितले पाहिजेत, आणि ते सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानी शिपायांना ‘होजोजुत्सु’ ही कैदी बांधण्याची विद्या शिकवीत. पकडताना घालावयाचा झटपट दोर वेगळा, आणि नंतर हलवाहलव करताना घालावयाचा पक्का दोर वेगळा. कैद्याची जात-प्रतिष्ठा आणि गुन्हा यांप्रमाणे बांधणीही वेगळी. ती विद्या कालबाह्य झाली, पण काबुकीतील बंदिवानांच्या प्रवेशांतून आणि इतो सेइऊ (१८८२–१९६१) यांच्यासारख्या चित्रकारांच्या चित्रांतून तिची आकृती टिकली, आणि विसाव्या शतकात तिचे एका स्वतंत्र प्रयोगात रूपांतर झाले. त्याची एक शाखा रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यात गेली, आणि तिच्याविषयी सद्‌गृहस्थांच्या मनात किंतु असणे स्वाभाविक आहे. आमच्याही मनात होता. आम्ही गेलो तो दाराजवळचे आसन धरून, केव्हाही उठून जाता यावे अशा बेताने.

रंगमंचावर सामग्री म्हणावी तर एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवरची. धुणे वाळत घालण्याचा वेळूचा दांडा, एक शिडी, एक मोठी पाटी, काड्यांचा झाडू आणि खिडकीवर टांगतात तो वेळूच्या कामट्यांचा पडदा. तागाच्या दोरांच्या सात-आठ गुंड्या, प्रत्येक दोर सुमारे सात मीटर लांब आणि करंगळीहून बारीक. एक मध्यमवयीन पुरुष बांधणारा. साध्या सुती किमोनोतील एक बाई बांधून घेणारी. दोघांनी एकमेकांस वाकून नमस्कार केला.

आता जपानातही धुण्याचे दांडे बहुधा पोलादाचे किंवा प्लास्टिकचे असतात. मग वेळूच का, असे आम्ही अभ्यासकास हळूच विचारले. उत्तर मोठे व्यवहारी मिळाले. वेळू पोकळ, म्हणून हलका. पण त्याच्या बाहेरच्या थरात तंतू दाट, म्हणून वाकूनही सहसा मोडत नाही. पेराजवळ दोर बांधला की तो घसरत नाही, निसर्गानेच तेथे कडे घालून ठेवले आहे. आणि तिसरे कारण असे की, पोलाद न सांगता दगा देते, वेळू आधी कुरकुरतो. त्याचा दोषही उघड आहे. वाळला की तो उभा चिरतो. म्हणून चांगला वेळू शिशिराच्या सुमारास तोडतात, विस्तवावर फिरवून त्याचे तेल पुसून काढतात, आणि टांगण्याआधी प्रत्येक वेळी तपासतात. सांगितल्याप्रमाणेच घडले. त्या पुरुषाने दांडा उचलून बोटांच्या सांध्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकला, आणि आपल्याकडे मडके घेताना गृहिणी कान देते तसा कान दिला. एक दांडा त्याने बाजूला ठेवला, दुसरा घेतला. ही तपासणी प्रयोगाचाच भाग होती.

मग दांडा वरून दोन दोरांनी आडवा टांगला गेला, आणि बांधणी सुरू झाली. तिच्यात घाई नव्हती. दर दोन वेढ्यांनंतर तो बाईच्या हाती आपली दोन बोटे देई आणि ती ती दाबी. दंडाच्या बाहेरच्या बाजूने हाडालगत एक मज्जातंतू जातो. त्यावर दोराचा दाब फार वेळ पडला तर मनगट लुळे पडते. बोटे दाबणे म्हणजे ‘अजून बळ आहे’ असा निरोप. एकदा तिने नुसती मान हलविली, आणि त्याने दोन वेढे उकलून दुसरीकडे घेतले. तेथे कोणी ओशाळले नाही. कात्री त्याच्या कमरेलाच होती. शेवटी ती दांड्याच्या आधाराने जमिनीपासून हातभर उंच, तिरपी, वाऱ्यावर अडकलेल्या पानासारखी तरंगत राहिली, आणि पाठीमागे सरकविलेल्या पडद्याच्या कामट्यांची सावली तिच्या अंगावर पडली. वेळू एकदाच कुरकुरला. त्या पुरुषाने तत्काळ तळहात दांड्याला लावला, ऐकले, आणि तिला खाली घेतले. आमच्या शेजारच्या लोकांना वाटले, प्रयोग ठरल्याप्रमाणे संपला. तो ठरल्याप्रमाणे संपला नव्हता, हे अभ्यासकाने मागून सांगितले.

सोडण्यास बांधण्याहून अधिक वेळ लागला. दोराचे एक टोकही आपटले नाही. प्रत्येक दोर सुटल्यावर त्याच जागी त्याने हात ठेवला, रक्त परत येईतो थांबला, आणि दोराची गुंडी करून ती जमिनीवर ठेवली. दाराजवळचे आमचे आसन आम्ही सोडले नाही. त्या कलेविषयीचे सगळे किंतु फिटले असे नाही. परंतु तो सोडण्याचा अवधी आम्हांस अत्यंत शुचिर्भूत वाटला, आणि तो पाहताना मन भलत्याच ठिकाणी गेले.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर गावच्या देवळात पखवाज वाजविला. शेवटच्या दुखण्यात ते एका रुग्णालयात होते. नाकातील नळी ते झोपेत ओढून काढीत, म्हणून रात्री त्यांची मनगटे पट्टीने खाटेच्या दांडीस बांधण्यात येत. कारण खरे होते. नळी निघाली तर जीवावर बेतणार होते. परंतु जो हात गाठ मारी तो पाळी संपवून निघून जाई, आणि पुढच्या पाळीच्या माणसास ती गाठ केव्हा पडली हे ठाऊक नसे. नळीची चौकशी होई, मनगटांची होत नसे. वडील बांधलेल्या हाताच्या बोटांनी चादरीच्या कडेवर ठेका धरीत. एकदा त्यांनी खोलीत आलेल्या एका अनोळखी परिचारकास अगदी नम्रपणे विचारले, “बाबा रे, मारलीस ती गाठ सोडणार कोण आहे?” तो बिचारा काय सांगणार? गाठ त्याने मारलीच नव्हती.

पुष्कळ वर्षे आम्ही समजत होतो की, आमचा राग बांधण्यावर आहे. टोकियोतील त्या सभागृहात कळले की, राग बांधण्यावर नव्हता. गाठ निराधार सोडून जाण्यावर होता.

जपानी समाजानेही हा प्रश्न आपल्या घरी सोडविण्याचा यत्न केला आहे. २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेची विमायोजना तेथे सुरू झाली, त्याबरोबर शुश्रूषागृहांतील वृद्धांस बांधून ठेवण्यास तत्त्वतः बंदी झाली. अपवाद करावयाचा तर तीन अटी. धोका तत्काळचा असला पाहिजे, दुसरा उपाय उरला नसला पाहिजे, आणि बंधन तात्पुरते असले पाहिजे. शिवाय त्याची नोंद ठेवली पाहिजे. अटी पाहिल्या तर त्यांचा अर्थ एवढाच, की गाठ मारणाऱ्याने ती केव्हा व कशी सुटेल हे आधी सांगावे. नियम झाला म्हणून प्रत्येक खाटेवरची पट्टी सुटते असे नाही. पण जाब विचारण्यास एक जागा तरी निर्माण होते.

आपल्याकडे या गोष्टी समजण्यास परदेशीच जावे लागते असेही नाही. यशोदेने बाळकृष्णास उखळाला बांधले ते घरातल्या दाव्यानेच, आणि त्या बंधनातूनच ‘दामोदर’ हे नाव आले. आपण ते नाव प्रेमाने घेतो, कारण बांधणारी माउली होती आणि बंधनाला मुदत होती. आपल्या मराठीने तर गाठींचे दोन वर्गच करून ठेवले आहेत. जी ओढू तितकी आवळत जाते ती निरगाठ. एक टोक ओढताच जी उकलते ती सुरगाठ. दोर तोच असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. पण गाठीचे तसे नाही, ती मारतानाच ठरवावी लागते.

पोलाद आणि प्लास्टिक यांनी वेळूची आणि दोराची पुष्कळशी कामे आता काढून घेतली आहेत, आणि त्यात रडण्यासारखे काही नाही. मात्र कुरकुरणारा दांडा आणि हाताने सोडावी लागणारी गाठ माणसाला जागे राहण्यास शिकवीत होती. यंत्राची कळ दाबून गेलेल्यास ती जाग शिकविणारे कोणी उरत नाही. ज्यांच्या घरी एखादे वृद्ध, आजारी वा अजाण माणूस आहे, त्यांना कधी ना कधी गाठ मारावीच लागते: कधी पट्टीची, कधी बंद दाराची, कधी नुसत्या शब्दाची. अशी वेळ आली तर तिचे एक टोक आपल्या हाती राहील अशी ती मारावी, दर थोड्या वेळाने आपली दोन बोटे त्या हातात द्यावी, आणि त्यांतले बळ अजून शाबूत आहे की नाही ते विचारावे.